ही दौऱ्यावर आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंगांच्या कंपनीने नवीन वर्षाला दिलेली ही डायरी महिनाभर खणात पडून होती. आज काढली. दुपारी दोन ते चार माझ्या चष्म्याच्या दुकानात काळं कुत्रं फिरकत नाही, तेव्हा लिहायला वेळ आहे. कुणाशी तरी खरं बोलायला हवं, म्हणून ही वही. वही उलट बोलत नाही.

तर खरं हे, की आमची ही दारू पिते.

लिहिलं बाबा एकदाचं. लिहिताना दाराकडे बघत होतो, कुणी आत येत नाही ना. सत्तावन्न वर्षांचा बाप्या मी, आणि एवढंसं वाक्य लिहायला तळहाताला घाम. नवरा पीत असला की बाईला जग निदान बिचारी तरी म्हणतं. बायको पीत असली की नवऱ्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. कुणी काही म्हणावं अशी संधीच मी दिलेली नाही.

ही शाळा तपासनीस होती. महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर, कुठल्या कुठल्या विश्रामगृहात एकटी. सवय तिकडेच लागली. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत तपासणीला गेली आणि सकाळच्या रांगेपुढे, पोरांसमोर, धाडकन पडली. वरिष्ठांनी राजीनामा मागितला, तिने दिला. मी सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती सांगितलं. आता ती खासगी संस्थांचं काम घेते, दौरे चालूच आहेत, हेही मीच सांगितलं. त्याने फार सोय झाली. ही पिऊन चार-पाच दिवस पडून असली की म्हणायचं, दौऱ्यावर आहे. समोरच्या काकूंना तेच, दूधवाल्याला तेच, परगावी असलेल्या लेकीलाही तेच. दुकानात येताना मी घराला बाहेरून कुलूप लावतो. बघणाऱ्याला वाटतं, घरी कुणी नाही.

आज ही दौऱ्यावर आहे. तिसरा दिवस.

५ फेब्रुवारी, बुधवार

परवाचं वाचून पाहिलं. बाहेरून कुलूप हे वाचायला वाईट दिसतं. पण आत पाणी असतं, जेवण झाकून ठेवलेलं असतं, रेडिओ असतो. तिचा फोन मात्र मी बरोबर आणतो. त्या अवस्थेत ती कुणालाही लावते. एकदा एका मुख्याध्यापिकेला लावून पाऊण तास रडली होती. त्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, दातदुखी होती हो, सहन होत नव्हतं.

आणि बाटली मीच आणतो. हेही लिहून मोकळा होतो. ती स्वतः गेली तर कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहील, चार जण बघतील. म्हणून मी दोन बस बदलून जातो, जिथे मला कुणी ओळखत नाही, आणि फ्रेमच्या खोक्यातून घेऊन येतो. भिंगाचा मध्य खुणवायचं पेन असतं आमच्याकडे, त्याने बाटलीवर रेघा मारतो. आज इथपर्यंत, उद्या इथपर्यंत. डॉक्टर तरी काय वेगळं करतात? ती रेघेला जुमानत नाही, हा भाग वेगळा.

८ फेब्रुवारी, शनिवार

काकूंनी जिन्यात गाठलं. शिवणकाम शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. मी त्यांना मनातल्या मनात ‘दवंडी’ म्हणतो. आमच्या दोन दारांमध्ये सहा पावलं आहेत आणि त्या सहा पावलांवर त्यांचा चोवीस तास पहारा.

"अहो चष्मेवाले, या वेळी फार दिवस लागले हो बाईंना. कधी यायच्या?"

"पुढच्या रविवारी."

"नाही म्हटलं, कुंड्यांना पाणी मीच घालतेय. पण परवा तुमच्या घरात कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं."

"रेडिओ राहतो चालू कधी कधी."

बघा कसं पटकन सुचतं मला. शाळेत असतो तर वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं असतं.

आज सकाळी ही जरा शुद्धीवर होती. चहा घेताना म्हणाली, "अहो, मला कंटाळा आलाय."

"कसला?"

"उठायचा."

"मग झोप की."

"तेच म्हणते मी. झोपावं आणि पुन्हा कुणी उठवू नये."

मी म्हटलं, नाटकं पुरेत, मला दुकान उघडायचंय.  उठून तिने माझा डबा भरला, झाकण नीट लावलं, माझ्या चष्म्याच्या काचा पदराने पुसून दिल्या. कितीतरी महिन्यांनी असं काही केलं असेल. मला बरं वाटलं. सुधारते आहे बहुतेक.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज एक ट्रकवाला डोळे तपासायला आला. परवान्याच्या कागदावर माझी सही हवी होती. खुर्चीत बसला आणि तक्त्याची खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मी तक्ता उलटा फिरवला. मागे दुसरी अक्षरं आहेत, त्याचसाठी ठेवलीत. हा पठ्ठ्या पुन्हा तीच जुनी ओळ म्हणाला!

"पाठ करून आलात वाटतं," मी म्हटलं.

चांगला सहा फूट उंच गडी, कानापर्यंत लाल झाला. "चष्मा लागला तर पोरं हसतील म्हणून, साहेब."

मी नंबर काढला, फ्रेम दाखवली. मग तो आपणहोऊन बोलायला लागला. सात महिन्यांपूर्वी दारू सोडली म्हणाला. गाडी घाटात उभी करून एकदा उडी मारायला निघाला होता, तेव्हा एका मदतीच्या नंबरवर बोलला, तिथल्या बाईंनी त्याला दोन तास धरून ठेवलं. हे त्याने आरशात फ्रेम बघत बघत सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"तुम्हाला सांगायला काही वाटत नाही?" मी विचारलं.

"डोळ्यांची लाज वाटते अजून. दारूची संपली." खिशातून त्या नंबरचं एक चुरगळलेलं कार्ड काढून त्याने काउंटरवर ठेवलं. "राहू द्या. कुणाला लागलं तर द्या."

मी म्हटलं, आमच्यात कुणाला लागणार? पण कार्ड फेकलं नाही. डायरीत ठेवलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिच्या चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणून तिचं चष्म्याचं घर सकाळी दुकानात घेऊन आलो. उघडलं तर आत चष्मा नाही. झोपेच्या गोळ्या. वेगवेगळ्या पाकिटांमधून काढून, कापूस घालून नीट ठेवलेल्या. तपासणीचे कागद लावायची तशा.

मी बराच वेळ ते घर हातात घेऊन बसलो.  मग पहिला विचार काय आला, तोही लिहितो, कारण खोटं लिहायचं असेल तर वही कशाला. पहिला विचार आला, लोक काय म्हणतील.

दुपारी कार्डावरच्या नंबरला फोन लावला.

"बोला, मी ऐकतेय," एका मुलीचा आवाज. लेकीच्या वयाची असेल.

"माझा एक मित्र आहे," मी म्हटलं. "त्याची बायको पिते. आज तिच्या सामानात गोळ्या सापडल्या. साठवलेल्या."

"बरं झालं फोन केलात. गोळ्या आत्ता कुठे आहेत?"

"माझ्या खिशात. म्हणजे मित्राच्या."

ती हसली नाही. हसली असती तर फोन ठेवायला बरं पडलं असतं. "त्या आत्ता एकट्या आहेत का, काका?"

"नाही. मित्र आहे ना जवळ."

"मरणाबद्दल काही बोलल्या आहेत?"

"नाही. झोपेबद्दल बोलते."

"बरेचदा ते तेच असतं," ती हळू म्हणाली. "त्यांना एकटं ठेवू नका. थेट विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार भरत नाही, उलट हलकं वाटतं. आमची माणसं घरी येऊ शकतात, एक नर्स आणि एक समुपदेशक. साध्या गाडीने येतात. पत्ता सांगता?"

"मित्राला विचारून सांगतो."

"चालेल. तोवर एक फार महत्त्वाचं, नीट ऐका. दारू एकदम—"

तेवढ्यात दार उघडून गिऱ्हाईक आत आलं. मी फोन ठेवला आणि या, बसा म्हटलं.

एकदम काय? एकदम बंद करा, दुसरं काय असणार. त्यात शिकलेल्या मुलीने काय मोठं सांगितलं!

१२ फेब्रुवारी, बुधवार

केलं. घरातली सगळी दारू मोरीत ओतली, तिच्यासमोर. रेघांसकट बाटल्या पिशवीत भरल्या आणि सकाळीच लांब टाकून आलो.

ती पांढरी पडली. "अहो, असं नका करू. मागे मी एकदा विश्रामगृहात एकदम बंद केली होती, तेव्हा मला भयंकर काहीतरी झालं होतं. डॉक्टरांना विचारून करू या."

"म्हणजे डॉक्टरांना सांगायचं? सगळ्या गावाला?"

"मग निदान तुम्ही घरी थांबा."

मी म्हटलं, दुकान बंद दिसलं की दहा जण विचारतात. कुलूप लावून आलो. खरं सांगायचं तर आज छाती दोन इंच फुगली होती. दोन वर्षांत जे जमलं नाही ते एका सकाळी करून दाखवलं. थेट विचारायचं तेवढं राहिलं. असा प्रश्न बायकोला विचारायचा तरी कसा?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिचे हात फार थरथरतात. घामाने उशी ओली. विष बाहेर पडतंय, पडू दे. भिंतीवर मुंग्यांची रांग चालली आहे असं म्हणत होती. मी स्वतः जाऊन भिंत पाहिली, एक मुंगी नव्हती. तसं सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला चष्मा लागलाय."

यावर मी हसलो. ती हसत नव्हती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तिने मला ओळखलं नाही. मला "साहेब" म्हणाली, आणि तपासणी पूर्ण झाल्याशिवाय सही करणार नाही म्हणाली.

दहा वाजता दुकानातून पुन्हा फोन लावला. तीच मुलगी. म्हटलं, मित्रबित्र कुणी नाही, मीच तो. बुधवारी सकाळी बंद केली, आता अशी अशी अवस्था आहे.

"एकदम बंद केलीत?" तिचा आवाज बदलला. "काका, इतकी वर्षं पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर झटके येतात, जीव जाऊ शकतो. त्या दिवशी हेच सांगत होते, तोवर फोन कटला. पत्ता सांगा. आमची गाडी अर्ध्या तासात निघते, अँब्युलन्सलाही कळवते. तुम्ही आत्ता घरी जा आणि त्यांच्याजवळ बसा. जाताय ना?"

"हो, निघालोच," मी म्हटलं. पत्ता सांगितला.

पण विचार केला. गाडी यायची आहे अजून. मी आत्तापासून जिन्यात दिसलो तर काकू विचारणार, आज लवकर कसे? माझा नंबर त्या गाडीच्या माणसांकडे आहे. दारात आले की फोन करतील, मी पाच मिनिटांत पोचतो, कुलूप काढून पटकन आत घेतो. कुणाला कळायचंही नाही. तोवर एका आजींच्या काचा घासायच्या आहेत, त्या बाराला येणार. नुसतं बसवत नाही, काम केलेलं बरं. यंत्र लावतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. ती जिवंत आहे. हे आधी लिहितो.

काच घासायचं यंत्र चालू असलं की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. वीस वर्षं मी त्या यंत्रावर काम करतोय, मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. यंत्र थांबवलं तेव्हा फोनवर अकरा कॉल येऊन गेले होते. सात अनोळखी नंबरचे, चार काकूंचे. बारावा हातात असतानाच आला.

"अहो, लवकर या!" काकू कुजबुजत होत्या. "तुमच्या घरात चोर शिरलाय! आतून भांडी आपटतोय. मी खालच्या वॉचमनला काठी घेऊन बोलावलंय. आणि मगाशी दोन बायका आल्या होत्या, बाईंना भेटायचंय म्हणून. मी म्हटलं, त्या दौऱ्यावर आहेत, रविवारी येतील, हे बघा कुलूप. त्यांचा विश्वासच बसेना. मी म्हटलं, अहो मी समोर राहते, मला माहीत नाही का! त्यांचीच काही भानगड असणार. घर हेरायला आल्या असतील."

मी धावलो. ॲप्रन, हाताला पांढरी पावडर, तसाच.

जिन्यात सगळा मजला जमला होता. वॉचमन काठी सरसावून उभा. काकूंच्या हातात लाटणं. त्या दोन बाया खाली गाडीत बसून मला फोन लावत होत्या, गडबड ऐकून त्याही वर आल्या. आणि दाराच्या आतून आवाज येत होता, ताटावर वाटी आपटल्याचा. ठण, ठण, मग बराच वेळ काही नाही, मग एकदा ठण.

"पोलिसांना बोलावू का?" वॉचमनने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन वर्षं ज्या क्षणाला टाळण्यासाठी मी दोन दोन बस बदलल्या, तो हाच. आणि लाज वाटते लिहायला, पण अजूनही, तिथे उभा असतानाही, माझ्या डोक्यात एक थाप तयार होती. मांजर अडकलं असेल म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

मग आतला आवाज थांबला.

"चोर नाही," मी म्हटलं. "माझी बायको आहे."

 काकूंच्या हातातलं लाटणं खाली आलं. नर्स पुढे होऊन म्हणाली, "किल्ली." मला कुलपाचं भोक सापडेना. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा मी, रोज ज्या कुलपात किल्ली घालतो ते मला दिसेना. शेवटी तिने माझ्या हातातून किल्ली घेतली.

ही दाराशीच पडली होती. सगळं अंग झटके खात होतं, ताट छातीशी. त्या दोघींनी तिला कुशीवर वळवलं, पुढे अँब्युलन्स आली, ते सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. एक मात्र नीट आठवतं. जिन्यातून स्ट्रेचर नेताना काकू तिच्या पायांवर शाल घालत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी घालवून दिलं हो त्यांना. मीच घालवून दिलं."

डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर ती वाचली नसती. 

आज ती शुद्धीवर आली. मी विचारलं, "त्या बायकांचं बोलणं ऐकू आलं होतं तुला?"

"सगळं," ती म्हणाली. "काकूंनी फार विश्वासाने सांगितलं. मलाच क्षणभर वाटलं, मी घरात नाहीये."

१९ फेब्रुवारी, बुधवार

लेक आली. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. तिने एकच विचारलं, "बाबा, दर वेळी जिकडे आई जायची तिकडे रेंज कशी नसायची, हे मी दोन वर्षं विचारत होते. तुम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून."

"माझ्या की तुमच्या?" एवढं म्हणून ती आईच्या खोलीत गेली.

तिथे तिने आईला तो प्रश्न विचारला. जीव द्यावासा वाटतो का. साधं, सरळ, पाणी हवं का विचारावं तसं. मी दारात होतो. ही म्हणाली, "वाटत होतं. आज कमी वाटतंय." मग दोघी बराच वेळ हातात हात घेऊन बसल्या. इतकंच करायचं होतं. मला कसं विचारायचं ते कळत नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काकू इस्पितळात डबा घेऊन आल्या. मी खाली मान घालून उभा. म्हटलं, ऐकवतील आता, आणि ऐकवायचा हक्कच आहे.

"माझा धाकटा भाऊ यातच गेला," त्या म्हणाल्या. "मी वाईट माणूस आहे का हो? एका शब्दाने बोलला असतात तर रोज येऊन बसले असते बाईंजवळ. दिवसभर मोकळीच तर असते. म्हणून तर दारात उभी असते."

मी त्यांना काय काय म्हणायचो मनात, ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा पावलं. दोन बस बदलून जायचो मी, आणि ही बाई सहा पावलांवर होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हिला आता व्यसनमुक्तीच्या विभागात हलवलंय. शुक्रवारी तिथे घरच्या माणसांची बैठक असते, जाणं सक्तीचं. गोलात खुर्च्या. प्रत्येकाने स्वतःबद्दल बोलायचं. मी काल रात्रीच ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं, तसं बोललो: माझी पत्नी आजारी आहे, तिला बरं करण्यासाठी मी आलोय, माझ्याकडून सर्व सहकार्य राहील.

"पाठ करून आलात वाटतं, साहेब," कोपऱ्यातून आवाज आला. तोच ट्रकवाला! मी दिलेला चष्मा लावून. तिथे मदतीला येतो म्हणे, सुट्टीच्या दिवशी. सगळे हसले, मीसुद्धा हसल्यासारखं केलं.

बैठक घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरात बाटली कोण आणायचं?"

"मी. पण मोजून."

या वेळी हशा पिकला तो छताला लागला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आम्ही सगळे मोजूनच आणायचो हो," त्या म्हणाल्या.

मला राग आला. अजून आहे. माझं त्यांच्यासारखं नव्हतं. मी रेघ मारायचो.

६ मार्च, गुरुवार

दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "वहिनी कशा आहेत, दौऱ्यावर का?" मी नाही म्हटलं. इथवर जमलं. मग म्हटलं, इस्पितळात आहे. "काय झालं?" तोंडातून निघून गेलं, "पित्ताचा त्रास."

काय करावं माझं? जिन्यात वीस माणसांसमोर बोललेला मीच ना? तेव्हा जमलं ते आतला आवाज बंद पडला म्हणून. दुकानात कुणाचा आवाज बंद पडला नव्हता, तर पुन्हा तेच. तो जाईपर्यंत मी काचा पुसत राहिलो. त्या स्वच्छच होत्या.

सुताराला बोलावून दाराची बाहेरची कडी काढून घेतली आज. "चांगली आहे की, का काढताय?" म्हणाला. मी म्हटलं, नको आहे. चार स्क्रूंची भोकं राहिलीत, भरू का विचारलं त्याने. मी राहू दे म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

ही घरी आली.

दुकान बंद ठेवलं. काचेवर चिठ्ठी लावली, ‘घरगुती कारणाने बंद’. आधी ‘तांत्रिक कारणाने’ लिहिली होती, ती फाडली.

ती जिना हळूहळू चढली, कठड्याला धरून. खूप बारीक झाली आहे. बॅग माझ्याकडे. काकू दारात उभ्याच होत्या, आणि इतक्या गडबडल्या, की दोन वर्षांची सवय जिभेवर आली.

"आलात का दौऱ्यावरून?" म्हणाल्या, आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मी बॅग सावरत दाराकडे वळलो. ही मात्र थांबली. कितीतरी वर्षांनी मी तिचं ते हसू पाहिलं, डाव्या बाजूने सुरू होणारं.

"मी आले," ती म्हणाली. मग मान माझ्याकडे वळवली. "हे यायचेत अजून."

काकू हसल्या. मी हसायला तोंड उघडलं, आणि हसू काही आलं नाही.

दार उघडून दोघी आत गेल्या. मी बॅग घेऊन बाहेरच. सवयीने हात दाराच्या कडीकडे गेला, तिथे चार भोकं. बोटं तिथेच राहिली. आतून कपाटाचा आवाज आला, नळाचा आला, काकूंना ती चहाचं विचारत होती ते आलं. किती दिवसांनी त्या घरातून मोठ्याने बोलणं बाहेर येत होतं, आणि दार सताड उघडं, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जात होतं. माझे कान गरम झाले. खोटं कशाला लिहू, दार लोटून घ्यावंसं वाटलं.

"अहो," ती आतून म्हणाली, "आत या की."

गेलो.